रिटर्न तिकीट

मुलुंडच्या एका डे-केअर सेंटरमध्ये मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांना शुभंकर. गेल्या वर्षापर्यंत आमची नोंद म्हणजे फक्त हजेरीपट.

एकदा एका शुभार्थीची आई डोळे पुसत सांगायला आली, "मॅडम, काल हा कुर्ल्याला खिडकीवर एकटा रांगेत उभा राहिला. तिकीट काढलं, सुट्टे मोजून घेतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा!" मी हजेरीपट उघडला. कालच्या तारखेला त्याच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं होतं: उशिरा.

त्या एका शब्दाने मला झोप लागली नाही.

मग आम्ही चार पानी फॉर्म केला. तो टिकला नाही. भरायला पाऊण तास लागायचा, म्हणून सगळे शनिवारी दुपारी एकदम, आठवून आठवून भरले जायचे. आता जागतिक आरोग्य संघटनेची व्होडास 2.0 ही 12 प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. गेल्या 30 दिवसांत घरकाम, लोकांत मिसळणं, आंघोळ, कपडे यांत किती अडचण आली, एवढंच ती विचारते. पहिली नोंद आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात. ती राहून गेली तर पुढे तुलना कशाशी करणार? नंतर दर तीन महिन्यांनी. विचारणारी व्यक्ती मात्र त्या शुभार्थीची थेरपिस्ट नसते. आपल्या माणसात सुधारणा दिसावी असं आपल्याला फार वाटतं, आणि शुभार्थीही आपलं मन राखायला "बरं आहे" म्हणतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. काही आया म्हणायच्या, "सुधारला असं लिहू नका हो, सर्टिफिकेट जाईल." मानसिक आजारासाठीचा अपंगत्वाचा दाखला आयडियाज या मोजपट्टीवर ठरतो, आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. या आयांची भीती खोटी नाही. दाखल्याची तपासणी वेगळी, आमची नोंद वेगळी, हे प्रत्येक घराला समोर बसवून सांगावं लागलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तोही वाचून दाखवला. कॉम्प्युटरवर फक्त नंबर असतात, नावांची वही कुलपात.

प्रश्नावलीखाली आम्ही एक मोकळी ओळ ठेवली आहे: स्वतःहून काय केलं? परवा त्या मुलाला त्याची ओळ वाचून दाखवली. त्याने पेन मागितलं.

"मॅडम, नुसतं तिकीट नाही. रिटर्न काढलं होतं."