चालू गिरणी विकत घेताय? आधी विजेची बिलं मागा

‘पिठाची गिरणी चालू स्थितीत विकणे आहे, पक्कं गिऱ्हाईक’ ही पाटी वाचून बहुतेक जण तडक मशीन बघायला जातात. मशीन शेवटी बघा. वापरलेली चक्की, मोटर, काटा यांची किंमत कुठलाही मेकॅनिक सांगेल. त्याच्या वर जी रक्कम मागितली जाते ती गिऱ्हाइकाची असते, आणि फसगत होते ती तिथेच.

गिरणीचा सगळा व्यवहार रोखीचा, वही विकणाऱ्याच्याच हातची. मीटरचं रीडिंग मात्र त्याच्या हातात नसतं. म्हणून आधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा. मग मालकाच्या परवानगीने दोन दिवस गिरणीत बसा, त्यातला एक रविवार धरा. सकाळी मीटरचा आकडा लिहून घ्या, दिवसभर काट्यावर येणारं प्रत्येक दळण किलोत मांडा, रात्री परत आकडा बघा. बिलावर ‘गुणक अवयव’ एकापेक्षा जास्त असेल, तर फरकाला त्याने गुणायला विसरू नका. किलोंना युनिटांनी भागलं की एका युनिटात किती दळलं जातं ते कळतं.

समजा, युनिटमागे १० किलो पडले आणि बिलावर सरासरी ६०० युनिट आहेत. म्हणजे महिन्याला ६,००० किलो, २६ दिवस धरले तर रोजचं साधारण २३० किलो. मालक रोजचं ४०० किलो सांगत असेल, तर वरच्या १७० किलोंचे पैसे द्यायचं कारण नाही. मिरची-कांडपाचं मशीन त्याच मीटरवर असेल तर त्याचे युनिट वेगळे काढा, नाहीतर एप्रिल-मेचं बिल फुगलेलं दिसतं आणि तेच बारमाही दळण वाटतं. दिवाळीच्या भाजणीचंही तसंच. बारा महिन्यांची बिलं मागायची ती यासाठी.

युनिटमागे किलो कमी पडत असतील तर दगड बघा. टाकी (दगडावर छिन्नीने पाडलेल्या खाचा) बसून गेलेला गुळगुळीत दगड दाणा कापत नाही, नुसता घासतो. मोटरवर भार येतो, वेळ जास्त लागतो आणि पीठ गरम उतरतं. तोंडाशी पडणारं पीठ मुठीत घेऊन बघा: कोमट असेल तर ठीक, हात मागे घ्यावा इतकं गरम असेल तर दगडाचं काम निघालंय. अशा पिठाला करपट वास येतो आणि ज्वारीची भाकरी थापताना चिरते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या गल्लीतल्या गिरणीत जातं. दगड उघडून त्याची उरलेली जाडी डोळ्यांनी बघा. टाकी घालून घालून पातळ झालेला दगड लवकरच बदलावा लागणार, तो खर्च किमतीतून वजा करा. टाकी घातल्यावर पहिली काही किलो कोंडा किंवा टाकाऊ धान्य दळून फेकून द्यायचं असतं. ते न करता सरळ गिऱ्हाइकाचा गहू टाकला की पोळीत कचकच येते. शिवाय मशीन रिकामं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि पट्ट्याच्या कडा उसवल्यात का ते पाहा.

आता किंमत. वरच्याच उदाहरणात दळणावळ किलोला ७ रुपये धरली तर महिन्याला ४२,००० जमा. भाडं ८,०००, वीज ५,५००, टाकी-पट्टे-दुरुस्ती १,५०० गेले की २७,००० उरतात. विकणारा हाच आकडा नफा म्हणून सांगतो. पण तो आणि त्याच्या घरचे दिवसभर उभे राहतात, त्यांचा पगार यात धरलेला नाही. तुम्ही कामाला माणूस ठेवलात आणि त्याला १४,००० दिलेत, तर धंद्याचे उरतात १३,०००. गुडविल, म्हणजे पक्क्या गिऱ्हाइकाचे पैसे, द्यायचं ते या तेरा हजारांवर, आणि माझ्या मते बारा ते अठरा महिन्यांच्या रकमेपुढे जाऊ नये. मशीनची किंमत आणि जागेचं डिपॉझिट वेगळं मांडा. सगळं मिळून एकच आकडा मान्य करू नका.

जागा भाड्याची असेल तर घरमालकाला भेटल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. गिरणी विकणाऱ्याला जागा परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही. पागडीची जागा असेल तर घरमालकाची लेखी संमती लागते आणि त्याचा हिस्सा कोण देणार हे आधीच ठरवावं लागतं. लीव्ह-लायसन्स असेल तर करार तुमच्या नावाने नव्याने नोंदवायचा.

मीटर नावावर करताना आधीची थकबाकी आडवी येते, ती विकणाऱ्याकडूनच मिटवून घ्या. मंजूर भार आणि प्रत्यक्षातल्या मोटरांची एचपी जुळते का, तेही पाहा. महावितरणच्या दरपत्रकात पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात येते. बिल व्यावसायिक दराने येत असेल तर वर्ग बदलून घेण्यासाठी अर्ज करा. अन्न नोंदणी, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) हे सगळं तुमच्या नावाने नवं काढायचं. पीएमईजीपीच्या (केंद्र सरकारच्या रोजगारनिर्मिती योजनेच्या) अनुदानावर हिशेब बांधू नका, ती योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंदा विकत घ्यायला मिळत नाही. मशीनवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्यावरच पुढे जा.

करारात एक कलम हवंच: विकणारा ठरावीक हद्दीत, ठरावीक वर्षं दुसरी गिरणी काढणार नाही. गुडविल विकताना अशी अट घालायला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये मुभा आहे, मात्र हद्द वाजवी आणि स्पष्ट लिहिलेली पाहिजे. नुसतं ‘या भागात’ असं मोघम लिहू नका. रस्त्यांची नावं टाका.

सगळे पैसे एकदम देऊ नका. पाचवा हिस्सा मीटर नावावर होईपर्यंत हातात ठेवा आणि आधीच्या मालकाला महिनाभर गिरणीत उभं राहायला सांगा. कुणाचा डबा कुठला, कुणाला भाजणी जाडसर लागते, बाजरीमागून कुणाचा गहू टाकायचा नाही, उपासाचं दळण कुठल्या वारी घ्यायचं, हे त्याच्या नाहीतर जुन्या कामगाराच्या डोक्यात असतं. कामगार टिकवा, आणि त्या महिन्यात दर वाढवू नका. राजगिरा-वरईचं दळण बाजरीच्या दगडावर एकदा जरी गेलं, तरी ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यात होते.