ओली वाळू

श्रावणातली गोष्ट. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. मॅग्नेशियमच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, काम नुकतंच आलं होतं. आमचं रोजचं काम बिडाचं आणि ॲल्युमिनियमचं. मॅग्नेशियम हलकं, कापायला मऊ, त्यामुळे पोरं खूश होती.

दुपारी तीनला फिनिशिंगचा शेवटचा कट चालू होता. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाची, धार गेलेली, आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, इतका कमी की टूल कापायचं सोडून घासत होतं. चिप, म्हणजे धातूची जाड कपची, निघतच नव्हती, केसासारखा भुगा निघत होता आणि सकाळपासून ट्रेमध्ये साचत होता. अख्ख्या कास्टिंगमध्ये तेवढी उष्णता जिरून जाते, भुग्याला मात्र ती पेटायला पुरते. आधी बारीक तडतड झाली, मग वेल्डिंगसारखा पांढरा उजेड पडला.

हेल्पर बादली घेऊन नळाकडे धावला. मी ओरडलो, "पाणी नको रे, पाणी नको!" पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. तेवढ्यात ऑपरेटर मामांनी भिंतीवरचा सीओटूचा सिलिंडर काढला होता. त्यांनाही थांबवलं. हा धातू कार्बन डायऑक्साइडमध्येसुद्धा जळतो, शिवाय त्या झोतानं पेटता भुगा शॉपभर उडाला असता. या आगीला डी क्लासचा, म्हणजे धातूच्या आगीसाठीचा, सिलिंडर लागतो. त्याचा मागणी अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये सहीवाचून पडून होता.

मी वाळूच्या बादलीत हात घातला आणि पोटात गोळा आला. वरचा पत्रा गळत होता. वाळू ओली होती, म्हणजे पाणीच. दर सोमवारी चेकलिस्टवर 'वाळू' या शब्दापुढे मी स्वतः खूण करत होतो. बादली भरलेली आहे एवढंच बघायचो, कधी हात घालून पाहिलं नाही. आणि मीच पोरांना कुन्शानचा अपघात सांगितला होता! २०१४ साली चीनमध्ये गाड्यांची चाकं पॉलिश करणाऱ्या त्या कारखान्यात धूळ गोळा करायच्या पिंपातली ॲल्युमिनियमची पूड ओलसर झाली, आतल्या आत तापली आणि स्फोटात शंभराहून जास्त माणसं गेली.

"साहेब, बिडाचा चुरा!" मामा ओरडले. पलीकडच्या ड्रिलवर बीड कोरडंच कापत होतो, त्या चुऱ्याला ना तेल ना कूलंट. लांब दांड्याच्या फावड्यानं मामांनी तो कडेकडेनं, अलगद पसरला. जोरात फेकला असता तर भुगा उसळला असता. हळूहळू उजेड दबला.

हेल्परच्या दंडावर ठिणगी उडाली होती आणि पॉलिस्टरचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटला होता. तो ओढायला निघाला, मी त्याचा हात धरला. वीस मिनिटं नळाच्या धारेखाली दंड धरून ठेवला. कुणीतरी टूथपेस्ट आणली, ती परत पाठवली आणि त्याला तसाच दवाखान्यात नेला. वाटेत तो मलाच विचारत होता, "साहेब, माझं काय चुकलं?" "तुझं काही चुकलं नाही, बाळा," एवढंच मला बोलता आलं.

परत आलो तेव्हा एक जण ट्रे उचलायला निघाला होता. वरून सगळं करडं, थंड दिसत होतं. मामांनी दांड्यानं कोपरा जरासा उकरला. आत अजून लालभडक होतं. आम्ही पुन्हा चुरा टाकला आणि रात्रभर पाळीपाळीनं ट्रेपाशी बसलो.