अंब्रिया : डोंगरमाथ्यावरची शहरे आणि त्यांच्या पोटातले जग

समुद्रकिनारा नाही आणि परक्या देशाची सीमाही नाही, असा इटलीच्या द्वीपकल्पावरील एकमेव प्रदेश म्हणजे अंब्रिया. रोमहून फ्लोरेन्सला निघालेले बहुतेक प्रवासी तो रेल्वेच्या खिडकीतूनच पाहतात. खोऱ्यात द्राक्षमळे, उतारांवर ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडे आणि प्रत्येक डोंगरमाथ्यावर तटबंदी असलेले एखादे जुने गाव, असे ते दृश्य असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे मनसोक्त हिंडलो, तेव्हा जाणवले की या शहरांचा इतिहास त्यांच्या मनोऱ्यांपेक्षा पायाखालच्या जमिनीत अधिक सापडतो.

ओर्व्हिएतोपासूनच याची प्रचिती येते. ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या मऊ खडकाच्या सरळसोट कड्यावर हे शहर वसले आहे आणि रेल्वेस्थानकावरून वर जाण्यासाठी रुळांवरची केबलगाडी आहे. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. १२९० मध्ये पायाभरणी झालेले कॅथेड्रल आणि त्यातील चित्रकार लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रे पाहण्यासाठीच लोक येथे येतात, आणि ती पाहण्यासारखी आहेतही. मात्र रोमनांच्याही आधीच्या एट्रस्कन लोकांच्या काळापासून येथल्या रहिवाशांनी हा खडक खोदून सुमारे १,२०० पोकळ्या तयार केल्या आहेत. त्यात विहिरी आहेत, तळघरे आहेत, ऑलिव्हचे घाणे आहेत आणि खाण्यासाठी पाळलेल्या कबुतरांचे ओळीने कोरलेले चौकोनी कोनाडेही आहेत.

या सगळ्यांत थोर आहे ती सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट ओर्व्हिएतोला आश्रयाला आला. शहराला वेढा पडला तरी पाणी मिळत राहावे, म्हणून त्याने धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर बांधवून घेतली. विहीर सुमारे ५३ मीटर खोल आहे. तिच्या भोवती एकमेकींना कुठेही न भेटणारे दोन चक्राकार जिने असून प्रत्येकाला २४८ पायऱ्या आहेत. रिकामी खेचरे एका जिन्याने उतरत आणि पाणी लादलेली दुसऱ्याने चढत, त्यामुळे वाटेत खोळंबा होत नसे. पायऱ्या खेचरांच्या सोयीसाठी रुंद आणि बुटक्या ठेवल्या आहेत, आणि चढताना त्याबद्दल माणसानेही कृतज्ञच राहावे.

पेरुजा या प्रादेशिक राजधानीत याच सांगाल्लोचे दुसरे रूप दिसते. पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला, तेव्हा १५४० मध्ये पोपच्या सत्तेखालील या शहराने बंड केले. ते मोडून काढल्यावर पोपने बंडखोर बाल्योनी घराण्याच्या वस्तीवरच रोक्का पाओलिना हा किल्ला उभारला. सांगाल्लोने तेथील घरे सरसकट पाडली नाहीत, तर अनेक घरांवर कमानी टाकून त्यांचाच पाया केला, आणि जुने रस्ते जसेच्या तसे जमिनीखाली गेले. एकोणिसाव्या शतकात पोपची सत्ता संपल्यावर लोकांनी संतापाने किल्ला पाडला, पण पाया उरला. आज खालच्या वाहनतळावरून वरच्या चौकात जाणारे सरकते जिने या गाडलेल्या वस्तीतून जातात. हातात भाजीच्या पिशव्या घेतलेले पेरुजाकर सोळाव्या शतकातील दारे-खिडक्यांसमोरून निर्विकारपणे पुढे जातात, तर पर्यटक मात्र जागोजागी थबकतात.

येथील पाव अळणी असतो. त्या करापासून मिठाविना पाव करण्याची रीत पडली, असे सांगितले जाते. मला ही कथा जरा जास्तच सुबक वाटते, कारण शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच असतो. भाकरी खाणाऱ्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही, कारण खारवलेले डुकराचे मांस आणि मेंढीच्या दुधाचे चीज पानात असताना मिठाची उणीव भासत नाही.

असिसी सुबासिओ डोंगराच्या गुलाबी-पांढऱ्या दगडात बांधलेले आहे. येथील बॅसिलिका म्हणजे एकावर एक अशी दोन चर्चे, आणि त्यांच्याही खाली संत फ्रान्सिसची समाधी. १२२६ मध्ये निधन झालेल्या या संताचे अवशेष इतके गुप्तपणे पुरले होते की ते १८१८ मध्येच सापडले. वरच्या चर्चमध्ये भित्तिचित्रांइतकेच छताकडेही पाहावे. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात त्याचा काही भाग कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. नंतर ढिगाऱ्यातून हजारो रंगीत तुकडे वेचून त्यांतली बरीच चित्रे पुन्हा जुळवली गेली. जी जुळली नाहीत त्यांच्या जागा प्रामाणिकपणे मोकळ्या ठेवल्या आहेत.

पूर्वेला नोर्चा गावाकडे वळले की ही अस्थिर जमीन अधिकच जाणवते. ३० ऑक्टोबर २०१६ च्या धक्क्याने तेथील संत बेनेडिक्टचे चर्च कोसळले, फक्त दर्शनी भिंत जवळपास शाबूत राहिली. वरच्या पठारालगतचे कास्तेलुच्चो गावही उद्ध्वस्त झाले. तरीही पठारावर मसूर पेरला जातो, आणि जून-जुलैत त्यासोबत खसखशीच्या जातीची लाल फुले व निळी रानफुले फुलली की रस्त्यावर मोटारींची रांग लागते. बारीक दाण्याचा हा मसूर न भिजवता शिजतो आणि भाव मात्र चढा असतो.

परतीच्या वाटेवर तेर्नीजवळचा मारमोरे धबधबा आहे. रोमनांनी इसवी सनापूर्वी २७१ मध्ये वेलिनो नदीच्या दलदलीचे पाणी कालवा खोदून कड्यावरून नेरा नदीत सोडले आणि १६५ मीटर उंचीचा हा प्रपात घडवला. आता त्याचे बहुतेक पाणी वीजनिर्मितीकडे वळवलेले असते. ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो, पाणी सोडले जाते आणि कोरडा वाटणारा कडा काही मिनिटांत पांढराशुभ्र होतो. या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे.