जुन्या कॅसेटी आणि आजचा गळा : बँडवरच्या माहितीपटाचा अनुभव

सत्तरीला टेकलेला रॉक बँड पुन्हा जमतो आणि पणजी, मडगाव, म्हापसा असा दौरा करतो, असा आमच्या माहितीपटाचा विषय होता. सर्वांत जास्त कष्ट पडले ते आवाजावर.

बँडच्या १९८०च्या दशकातल्या कॅसेटी गोव्याच्या दमट हवेत बुरशी धरतात. फितीवर पांढरे ठिपके दिसले की ती डेकमध्ये घालायची नाही. बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. आम्ही प्रत्येक फीत हाताने फिरवत कोरड्या मऊ कापडातून काढली आणि स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवली. फीत हेडवर दाबून धरणारा स्पंजचा तुकडा जुन्या खोक्यात बहुधा गळून पडलेला असतो. मग आवाज मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करून, झांजा सगळ्यांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत हेडचा स्क्रू अगदी किंचित फिरवायचा आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या डिजिटल दर्जात संगणकावर उतरवून घ्यायचं.

खरी अडचण सुराची. वयानुसार गायकाचा गळा खाली आलेला, म्हणून गिटारी अर्धा सूर उतरवलेल्या. त्यात कॅसेटचा वेग भरवशाचा नाही: सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा सूर. खरा वेग शोधायला रेकॉर्डिंगमधली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उपयोगी पडते, पण त्या काळी ग्रिडची (वीज पुरवणाऱ्या जाळ्याची) वारंवारताच खाली-वर व्हायची. म्हणून इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा 'ए' हा सूर ४४० हर्ट्झ या प्रमाण वारंवारतेशी ताडून पाहिला आणि त्यावरून वेग बसवला. जुन्या गायनाला ओढून आजच्या पट्टीत आणणं मला पटत नाही. तरुण गळा खोटा वाटतो. त्याऐवजी जुन्यातून नव्यात जाणारा कट ड्रमच्या तुकड्यावर किंवा टाळ्यांवर घेतला. तिथे पट्टी उघडी पडत नाही.

तालमी जून ते सप्टेंबरमध्ये ठेवल्या नाहीत. कौलांवरचा पाऊस कुठल्याच माइकमधून काढता येत नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमांना रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाहीत, म्हणून शेवटचं गाणं साडेनऊलाच सुरू. मिक्सरमधून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक घेतला, शिवाय प्रेक्षकांसाठी दोन माइक. ते २० मीटर मागे असल्याने आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. संकलनात त्यांचे ट्रॅक तेवढे आधी सरकवले नाहीत तर ड्रम दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळंही तासाभरात एकदोन फ्रेमनी सरकतात. म्हणून चित्र आणि आवाज जुळवायला दिलेला क्लॅप शेवटीही द्यायचा.

हक्कांचं काम मात्र चित्रीकरणाआधीच उरकावं. दुसऱ्यांची गाणी असतील तर रचनेची परवानगी वेगळी आणि जुनं रेकॉर्डिंग वापरायचं तर त्याची वेगळी. बँड सोडून गेलेल्या वादकाचीही सही लागते, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचे हक्क असतात. आम्हाला ती सही संकलन निम्मं झाल्यावर मिळाली. तोवर दोन गाणी टाइमलाइनवर नुसती मोकळी जागा धरून होती.