पूर्व हद्द

कर्वे रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात नेहमीचं काम असतं ते मुळशी-हवेलीचं. रिंगरोडला गेलेली जमीन, गुंठेवारी, भावाभावांतली वाटपं. जुना कागद स्कॅन करायचा, उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा, हद्दी काढायच्या, क्षेत्र मोजायचं. लोकांना वाटतं हे सगळं कॉम्प्युटर करतो. कॉम्प्युटर कागद फक्त ताणतो. कुठे धरून ताणायचा हे आपणच सांगावं लागतं. त्यासाठी कागदावर आहेत आणि जमिनीवरही अजून तिथेच आहेत असे बिंदू लागतात : विहीर, देऊळ, रस्त्याचा फाटा, हद्दीचा दगड. आम्ही त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतो.

ग्रेट निकोबार बेटावरच्या एका जमिनीच्या कागदात असा एकही बिंदू धड नव्हता.

कागद घेऊन आले कोथरूडचे एक गृहस्थ. त्यांचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, मूळ सातारा जिल्ह्यातले. १९६९ पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं त्या बेटावर वसवायला घेतली. पंजाबातली, महाराष्ट्रातली, दक्षिणेतली मिळून १९८० पर्यंत तीनशेहून अधिक कुटुंबं गेली. तिथून सुमात्रा दीडशे-एक किलोमीटर आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) पाचशे. देशाच्या दक्षिण टोकाला वस्ती हवी आणि ती फौजेत राहिलेल्या माणसांची हवी, हा त्यामागचा हेतू. जंगल तोडून त्यांनी भातखाचरं केली, नारळ-सुपारीच्या बागा लावल्या. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी पूर्व किनाऱ्यानं गावं वसली. काका आता नाहीत. मुलगा अजून तिथेच बागायत बघतो. काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुतण्याकडे आलेल्या.

प्लॉटच्या कागदावर चतुःसीमा लिहिलेल्या : पश्चिमेस डोंगर, उत्तरेस नाला, पूर्वेस रस्ता व किनारा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात बेटच खाली बसलं. दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटला जमीन सव्वाचार मीटर खचली, तिथल्या दीपगृहाचा पाया आजही पाण्यात आहे. उत्तरेकडे खचणं कमी झालं, पण किनाऱ्यालगतच्या सपाट खाचराला एक मीटरही फार झाला. वर त्सुनामी. किनाऱ्याचा रस्ता वाहून गेला, नाल्याचं तोंड बदललं. शिवाय त्या भूकंपात जमीन आडवीही काही मीटर सरकली. म्हणजे कागदावरचे बिंदू एक तर नाहीसे झालेले, नाही तर जागेवरून हललेले. त्यात जुने भारतीय नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या, एव्हरेस्ट नावाच्या गणितावर, आजची जीपीएस दुसऱ्या. हा फरक न सांभाळता कागद बसवला तर प्लॉट शेकडो मीटर लांब पडतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाजारात असे नकाशे बेधडक करून देणारे पुष्कळ आहेत आणि त्यावर लोकांच्या जमिनी ठरतात.

मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्सुनामीच्या आधीची आपल्याच उपग्रहाची, पावणेसहा मीटरच्या आसपास बारकाव्याची कृष्णधवल चित्रं मिळवली. त्यावर जुना रस्ता आहे, किनारा आहे. कागद आधी त्या चित्रावर बसवायचा, मग ते चित्र आजच्या चित्रावर आणायचं. पण डोंगराकडची बाजू दाट झाडीखाली, नाला दिसेना. तेव्हा पुतण्याला म्हटलं, आजींनाच घेऊन या.

आजी आल्या. एका डोळ्याला हिरवा चष्मा, बोलण्यात साताऱ्याची मराठी आणि मधूनच हिंदी. मी चित्र मोठं केलं. बराच वेळ त्यांनी नुसतं बघितलं. मग बोट थेट स्क्रीनवर टेकवून म्हणाल्या, “ह्यो नाला न्हवं. हा दुसऱ्याच्या बगानचा. आमचा ह्याच्या वरल्या अंगाला. दोन नाले मिळत्यात तिथनं आमची हद्द.” झाडीत एक बारीक काळी रेघ होती, ती मी सावली समजून सोडून दिली असती. त्या जागेवर बिंदू टाकला आणि कागद बसला. बाकीचे बिंदूही जुळत आले.

मग मी आजचं चित्र उघडलं. खाचराच्या जागी निळं पाणी. त्यांनी विचारलं, “हे भरतीचं पानी का ओहोटीचं?”

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणा साहेबानंही मला हा प्रश्न विचारलेला नाही. हे चित्र घेणारा उपग्रह साधारण सकाळी साडेदहाला डोक्यावरून जातो. त्या वेळी भरती की ओहोटी हे रोज वेगळं. सपाट किनाऱ्यावर तेवढ्यानं पाण्याची रेघ कुठल्या कुठे जाते. मी भरतीचं वेळापत्रक काढून ओहोटीच्या तारखांची चित्रं शोधली. ढगांमुळे बरीचशी बाद. एक मिळालं, त्यात पाणी मागे हटलेलं आणि जमिनीची फिकट पट्टी उघडी पडलेली. “बांध हाय तिथं अजून,” आजी म्हणाल्या. “पोरगं सांगतंय, ओहोटीला दगड दिसत्यात.”

हे सगळं आत्ताच का, तर बेटावर मोठा प्रकल्प येतोय. गलाथिया उपसागरात बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र, नवं शहर. २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे ७२,००० कोटींचा होता. २०११ च्या जनगणनेत जेमतेम आठ हजार माणसं असलेल्या बेटावर पुढच्या तीस वर्षांत साडेतीन लाखांची वस्ती धरली आहे. विमानतळ गांधीनगर-शास्त्रीनगरच्या भागात आखलाय. आजींच्या मुलाला प्रकल्प नको असं अजिबात नाही. आजारी माणूस हलवायचा तर हेलिकॉप्टरची वाट बघायची, नाही तर जहाजाचा दोन-दोन दिवसांचा प्रवास, हे त्यानं जन्मभर सोसलंय. त्याचं म्हणणं एवढंच की माझी जमीन पुरती मोजा. आणि तिथे एका कार्यालयात त्याला तोंडी सांगितलं गेलं, पाण्याखालचं धरणार नाही.

नकाशा पुरा करताना आमच्या सीनिअरचं मत पडलं, पॉलिगॉन (प्लॉटची आकृती) किनाऱ्याच्या रेघेवर क्लिप कर (कापून टाक), स्वच्छ दिसेल. त्यांचा हात चांगला आहे, त्यांच्याकडूनच मी काम शिकले. पण हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा लिहितात. पिकत नाही म्हणून ती जमीन मालकाच्या नावावरून जात नाही. मग देशाची सीमा राखायला म्हणून सरकारनं स्वतः नेऊन बसवलेल्या माणसाची जमीन भूकंपात बुडाली, तर ती एका क्लिकवर कापणारी मी कोण? कायद्यानं काय व्हायचं ते वकील बघतील, पण नकाशानं आधीच निकाल देऊ नये. मी पूर्व हद्द पाण्यातून सलग, ठळक रेघेनं काढली. पाण्याची रेघ वेगळ्या रंगात, तिच्याखाली चित्राची तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ. क्षेत्राचे दोन आकडे, पाण्यावरचं आणि पाण्याखालचं, आणि तिसरा बेरजेचा.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. नकाशा अर्जाला जोडला होता, तो परत आलाय. शेरा असा की एकूण क्षेत्राचा एकच आकडा द्यावा, आणि कोणता ते लिहिलेलं नाही. मी बेरजेचा दिला आहे. खाली टीप म्हणून बाकीचे दोन्ही ठेवलेत, आणि खचलेल्या जमिनीबद्दलचा एक परिच्छेद वाढवलाय. सीनिअरांनी वाचला, काही बोलले नाहीत, सही केली. आजींचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर त्या चेन्नईमार्गे परत जाणार आहेत, आणि जाताना छापील नकाशाची एक प्रत मुलासाठी नेणार आहेत.