तात्या, कॅरिअर आणि दीड महिना

सोसायटीने ३१ मार्चला घरं रिकामी करून चाव्या द्यायच्या असं ठरवलं तेव्हा मला फ्रिजची, कपाटाची आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांची काळजी होती. तात्याची नव्हती. चुकलं माझं.

तात्या म्हणजे आमचा पक्षी. दुकानात कॉकटेल म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियातला, पोपटाच्याच कुळातला. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर नारिंगी टिकली, डोक्यावर तुरा आणि वजन ९० ग्रॅम. (हिरवा पोपट का नाही पाळला असं येणारा-जाणारा विचारतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तो घरात ठेवता येत नाही, बाबांनो.) नव्या वस्तूंचं त्याला वावडं आहे हे माहीत होतं. नवा झाडू, आकाशकंदील, माझ्या ओल्या केसांना गुंडाळलेला टॉवेल, सगळ्यांवर फिस्कारून झालं होतं. ते आपोआप निवळत गेलं, कसं ते आठवतही नाही.

पण डोंबिवलीतून ठाकुर्लीच्या भाड्याच्या घरात मोठ्या पिंजऱ्यासकट टेंपोतून नेणं शक्य नव्हतं. दांड्या आणि वाट्या हलतात, गचका बसला की पंख अडकतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर एक कॅरिअर आणला, मांजर न्यायला डबा असतो तसा. खाली राखाडी तळ, वर लाल झाकण, पुढे जाळीचं दार. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन दिवस दाणा बंद ठेवा आणि वाटी आत ठेवा, झक मारत जाईल." त्या माणसाचा मला अजून राग येतो. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपाससुद्धा झेपत नाही, हे आमच्या डॉक्टरांनी नंतर चांगलंच सुनावलं. आणि पक्षी विकणाऱ्याला ते ठाऊक नसावं?

पहिल्या संध्याकाळी मी कॅरिअर पिंजऱ्याशेजारी ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. तात्या मागच्या कोपऱ्यात, शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक होऊन, तुरा ताठ. चिडतो तेव्हा तुरा मागे चपटा बसतो आणि फिस्कारतो, खुशीत असला की अर्धवट उचललेला असतो. ताठ तुरा आणि बारीक अंग म्हणजे निव्वळ भीती. मला ते कळत होतं, तरी वाटलं सकाळपर्यंत सवय होईल. रात्री दोनला पिंजऱ्यात एकच धडपड. लाइट लावला तर भिंतीवर रक्ताचे ठिपके आणि तळाशी पंखातली तीन पिसं. अंधारात कॉकटेल असे बिथरतात. तेव्हापासून आमच्याकडे रात्री झिरोचा बल्ब चालू असतो. तुमच्याकडे नसेल तर आजच लावा.

मग कॅरिअर हॉलच्या पार टोकाला, चपलांच्या स्टँडपाशी नेला. तिथे असताना तात्या त्याच्याकडे बघत का होईना, खात होता. आमच्या जुन्या लाद्या साधारण फूटभराच्या. स्टँडपासून पिंजऱ्यापर्यंत मोजल्या, अकरा. रोज एक लादी पुढे. तुरा ताठ झाला की एक लादी मागे. कॅरिअर उचलून न्यायचा नाही, जमिनीवरून हळू सरकवायचा. वरून काही आलं की त्याच्या लेखी ती घारच.

सहाव्या लादीवर गाडी अडकली ती अडकलीच. चार दिवस पुढे, चार दिवस मागे. रोज दिनदर्शिकेकडे बघत मी दात-ओठ खात होते. शेवटी वैतागून झाकण काढलं, तर साहेब शांत! म्हणजे भानगड सगळी त्या लाल रंगाची होती. तळ त्याने तीन दिवसांत मान्य केला. झाकणाला त्याच्या पिंजऱ्यावर रात्री टाकतो ती जुनी चादर गुंडाळली आणि ते पुन्हा चपलांच्या स्टँडपासून वेगळं सरकवायला घेतलं.

याच काळात पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या आयरीन पेपरबर्गबाईंबद्दल वाचलं. त्यांच्या ॲलेक्स नावाच्या करड्या पोपटाला शब्द शिकवताना दोन माणसं त्याच्यासमोर वस्तू घेऊन एकमेकांशी बोलत आणि तो बघून शिके. त्यांना शब्द शिकवायचे होते, मला भीती घालवायची होती, पण म्हटलं बघू. मी आणि सासूबाई हॉलमध्ये मांडी ठोकून बसलो, मधे कॅरिअरचा तळ, त्यात चुरमुरे. "अगं बाई, काय छान डबा आहे!" सासूबाई मनापासून. तात्याकडे आम्ही ढुंकूनही बघायचं नाही, असं ठरलेलं. ह्यांनी दारातून पाहिलं आणि न बोलता परत आत गेले. तिसऱ्या दिवशी तात्या पिंजऱ्याच्या छतावरून उतरून सासूबाईंच्या गुडघ्यावर आला आणि मान लांब करून आत डोकावला.

राळ्याचं कणीस हा त्याचा जीव की प्राण. ते मी पिंजऱ्यातून बंद केलं, फक्त कॅरिअरमध्ये. बाकी दाणा नेहमीसारखा, फक्त सकाळची वाटी भरण्याआधी हा उद्योग करायचा, तेव्हा भूक चांगली असते. आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. तात्या ८५पर्यंत आला होता, तेव्हा मी दोन दिवस सगळं थांबवलं.

चोविसाव्या दिवशी तो स्वतःहून आत गेला. झाकण, दार सगळं बसवलेलं, फक्त दार उघडं. पाठ माझ्याकडे, राळं सोलतोय, टरफलं उडतायत. आणि मी दार लावलं. का लावलं? कारण दिनदर्शिका. आत नुसती फडफड आणि किंकाळ्या. उघडलं तसा पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला तो रात्रीपर्यंत. दुसऱ्या दिवशी कॅरिअर परत सातव्या लादीवर. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्यांदा दार नुसतं हलवलं, कणीस दिलं. अर्धं लोटलं, कणीस दिलं. लावून लगेच उघडलं. मग पाच आकडे मोजून, मग हॉलमधून बेडरूमपर्यंत चक्कर, मग जिना. २९ मार्चला रिक्षातून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. रिक्षावाल्याने विचारलं, "मांजर हाय का?" आतून शिट्टी आली.

ठाकुर्लीला पहिल्याच दिवशी घरमालकांनी ठेवलेला नॉनस्टिक तवा मी माळ्यावर ठेवून दिला. फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

नव्या घरात सगळंच अनोळखी, त्यामुळे तात्या पहिले चार दिवस कॅरिअरमधून बाहेरच आला नाही. आता रात्री मोठ्या पिंजऱ्यात झोपतो, दिवसभर मात्र कॅरिअरच्या टपावर. स्वयंपाकघर इवलंसं, सासूबाईंना तो कांदे-बटाट्यांना हवाय. काल त्यांनी एक कांदा ठेवून पाहिला. तात्या तुरा चपटा करून असा काही फिस्कारला, की कांदा परत टोपलीत गेला.