कळा, घड्याळ आणि नाला

श्रावण. झडीचा तिसरा दिवस, रात्री लाइन नाही.

पर्लकोटा नदीला पूर आला, गडचिरोलीतल्या भामरागडची वाट बंद झाली की पेपरात येतं. बिननावाचे लहान नाले संध्याकाळी भरतात आणि पहाटे उतरतात, त्यांची बातमी कोण करणार! म्हणून या दिवसांत बाळंतपणाला सोबत करणाऱ्या बाईची, सोबतिणीची, पहिली चौकशी बाळाच्या डोक्याची नसते. गाडी नाल्याच्या कोणत्या काठापर्यंत येईल, तिथवर बाज उचलून न्यायला चार माणसं गावात आहेत का आणि किती वेळ लागेल, हे आधी विचारायचं. दवाखाना चाळीस मिनिटांवर आणि नाला ओलांडायला एक तास, असा हिशेब असेल तर १०८ ला फोन शंका आली तेव्हाच करावा लागतो, रक्त दिसेपर्यंत थांबून चालत नाही.

काही जणींनी घरी थांबूच नये. आधीचं सिझर, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, १४०/९० किंवा त्याच्या वर गेलेलं बीपी, अंगात रक्त कमी, नऊ महिने भरायच्या आत सुरू झालेल्या कळा. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तोही त्यातच धरायचा. वाहक असणं वेगळं. पण आजार असलेल्या बाईला पाणी कमी पडलं, थंडी बाधली किंवा ती फार थकली तरी दुखणं उसळतं. अशांनी तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर बायांच्या मुक्कामाच्या जागी, जाऊन राहावं. सासू म्हणेल, "आमची चार घरीच झाली." झाली असतील. त्यावर वाद घालत बसू नये, नाला दाखवावा.

सोबतीण म्हणजे सुईण नव्हे, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. आतून तपासणं, बाळ झेलणं, नाळ कापणं, सुई देणं हे नर्सबाईचं काम. आपल्याकडे पाठ, पाणी, बोलणं आणि घड्याळ.

दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांच्या वर टिकली की वहीत वेळ लिहायला घ्यायची. तासाला ग्लासभर पेज किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी, तेही दोन कळांच्या मधे घोट-घोट. दर दोन तासांनी लघवीला उठवायचं. भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते आणि नंतर रक्तही जास्त जातं. ती उठायला कुरकुर करते. तरी उठवायचंच.

कंबर फार दुखत असेल तर काही वेळा बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असते. तिला उताणी झोपवू नये. घर सारवताना बसतो तशी, हात-गुडघ्यांवर येऊ द्यावी. पोट खाली लोंबतं आणि बाळाला वळायला जागा मिळते. कंबरेच्या खाली जे चपटं त्रिकोणी हाड लागतं, त्यावर तळहाताची टाच ठेवायची. कळ चढताना दाब वाढवायचा, शिगेला असताना तसाच धरायचा आणि उतरताना हळूहळू सोडायचा. हात एकदम काढला तर ती दचकते. कोपर ताठ ठेवून अंगाचं वजन टाकावं, नुसत्या मनगटानं दाबलं तर वीस कळांत आपलाच हात जातो. तेल थोडंच, जास्त लावलं की हात घसरतो. नेमकी जागा तीच सांगते, "थोडं खाली, माय." पुस्तकातली जागा विसरायची.

बायकांचा गलका इथंच सुरू होतो. "जोर लाव, जोर लाव!" गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी लावलेला जोर फुकट जातो, पिशवीच्या त्या तोंडाला सूज येते आणि खऱ्या वेळी तिच्यात त्राण उरत नाही. कानाशी हळू सांगायचं, "फुंकर सोड, दिवा विझवल्यासारखी." पोटावर कोपरानं दाबायला कुणाला देऊ नये. गावात कळा वाढवायची सुई टोचणारा कुणीतरी असतोच, त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवावं. त्या सुईनं पिशवी फाटू शकते आणि बाळ आत गुदमरतं. तेच औषध बाळ झाल्यावर नर्सबाई देते, रक्त थांबायला. फरक वेळेचा आहे.

पाणी हिरवं आलं, डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, ताप चढला, झटका आला किंवा कळांच्या आधीच रक्त गेलं तर बाज उचलायची.

बाळ आलं की सगळे त्याच्याकडे धावतात. आपण बाईकडेच पाहायचं. बाळ पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, वर कोरडं दुपटं, डोक्यावर टोपडं. नाळ कापणं एक ते तीन मिनिटांनी. दूध पहिल्या तासात. आंघोळ दुसऱ्या दिवशी. बेंबीला राख-हळद काही नको. वार सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, पुरायची रीत असेल तर पुरावी, पण आधी नर्सबाईला बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहू द्यावी. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. अर्ध्या तासात वारच पडली नाही तरी गाडी, आणि नाळ कुणी ओढायची नाही.

रक्त लुगड्यात मुरतं, म्हणून कमी वाटतं. आधीच कधीतरी जुन्या लुगड्याच्या घडीवर अर्धा लिटर, म्हणजे मोठे दोन ग्लास पाणी ओतून पाहावं. किती पसरतं ते डोळ्यात बसतं. तेवढं रक्त म्हणजे धोका. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीशी हात लावून पाहायचा. गर्भपिशवी चेंडूसारखी टणक लागली तर ठीक. भिजलेल्या कणकेसारखी लागली तर नर्सबाईला हाक, लगेच चोळायला घ्यायचं, बाळ छातीला आणि बाईला लघवीला. वहीत पुढचा आकडा अजून पंधरा मिनिटांनी.